वालीवच्या आकाशाचा सातबारा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वालीवमधल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गच्चीवर आम्ही तिघं उभे होतो. माझा शाळेतला एक मित्र लग्नाचं शूटिंग करतो. त्याने नुकताच नवा ड्रोन घेतला होता, चालवण्याचं प्रशिक्षण घेऊन सर्टिफिकेटही मिळवलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याला एका कारखानदाराचं काम मिळणार होतं, गाळ्यांच्या छपरांचं वरून चित्रण करायचं. त्याने मला विचारलं, "तू त्या विमानांच्या कायद्याच्या इतिहासावर पीएच.डी. करतेयस ना? मग सांग, इथे उडवलं तर चालतं का?"

मी ठामपणे सांगितलं, "परवानगीशिवाय नाही. हा यलो झोन आहे. मुंबई विमानतळापासून ४५ किलोमीटरच्या आत आहोत आपण."

ड्रोन बॅगेत परत गेला. परवानगीच्या भानगडीत नको पडायला म्हणून मित्राने ते काम सोडलं. पंधरा दिवसांनी तेच वाक्य मी माझ्या प्रगती अहवालात लिहिलं. गाईड मॅडमनी अहवाल परत दिला तेव्हा त्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलने तीनच शब्द होते: "नकाशा कोणत्या तारखेचा?"

नकाशा जुना होता. माझं उत्तर एकेकाळी बरोबर होतं, पण त्या गच्चीवर, त्या दिवशी, ते चूक होतं. वालीव जागचं हललं नव्हतं, मुंबईचा विमानतळही हलला नव्हता. बदलला होता तो फक्त कागदावरचा एक आकडा. आज त्या आकड्याची गोष्ट सांगायची आहे. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी ही चूक माझ्या खर्चात शिकून घ्यावी, एवढाच हेतू.

आधी एक घोळ निस्तरू

आकाशाचं वर्गीकरण म्हटलं की तीन वेगळे प्रश्न एकात एक मिसळतात. पहिला, ही हवा कोणाची? दुसरा, या हवेत विमानांना एकमेकांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी कोणाची? तिसरा, इथे ड्रोन उडवायला कोणाची परवानगी लागते? पहिल्याचं उत्तर मालकीच्या भाषेत मिळतं, दुसऱ्याचं इंग्रजी अक्षरांत, तिसऱ्याचं रंगांत. हे तीन थर वेगवेगळ्या काळात तयार झाले. एका थराचं उत्तर दुसऱ्या थराच्या प्रश्नाला दिलं की गडबड झालीच म्हणून समजा.

पहिला थर: हवा कोणाची?

हवेवरचा पहिला कायदा विमानांच्या कितीतरी आधीचा आहे. फ्रान्समध्ये १७८३ साली माणसं घेऊन फुगा उडाला, आणि एप्रिल १७८४ मध्ये पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने हुकूम काढला की परवानगीशिवाय फुगे उडवायचे नाहीत. म्हणजे हवेच्या नियमांची सुरुवात पोलिसांपासून झाली. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

युरोपात जमिनीच्या मालकीबद्दल एक जुनं लॅटिन सूत्र होतं. त्याचा अर्थ असा की जमीन ज्याची, तिच्यावरची आकाशापर्यंतची हवाही त्याचीच. फुगे तुरळक होते तोवर हे चाललं. विमानं आली आणि प्रश्न उभा राहिला. एका उड्डाणात शेकडो शेतांवरून जावं लागतं, तर प्रत्येक शेतकऱ्याची परवानगी घ्यायची का?

हिंदुस्थानात या विषयावर इंडियन एअरशिप्स ॲक्ट १९११ मध्येच झाला. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या पॅरिस कराराने ठरवलं की प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या हवेवर पूर्ण आणि एकट्याची सत्ता असते. १९४४ च्या शिकागो कराराने पहिल्याच कलमात तेच तत्त्व पुन्हा मांडलं. त्याच कराराचं आठवं कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. वैमानिकाशिवाय उडू शकणारं विमान दुसऱ्या सदस्य देशावरून न्यायचं तर त्या देशाची खास परवानगी हवी, असं त्यात म्हटलं आहे. ड्रोन हा प्रश्न २०१० नंतर आला असं जे लिहितात, त्यांना हे कलम दाखवा.

आता जमीनमालकाचं काय? आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्याच्या सतराव्या कलमाने त्याचा मार्ग बराचसा बंद केला. वारा, हवामान आणि परिस्थिती पाहता वाजवी म्हणता येईल अशा उंचीवरून विमान गेलं, तर केवळ ते वरून गेलं म्हणून अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दिवाणी दावा करता येत नाही. वाजवी उंची म्हणजे नेमकी किती, ते मात्र कलमात नाही. अमेरिकेत १९४६ साली एका कोंबडीपालकाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. लष्करी विमानं त्याच्या खुराड्यांवरून इतकी खालून जायची की घाबरून भिंतींवर आपटून कोंबड्या मरायच्या. न्यायालयाने जुनं लॅटिन सूत्र आधुनिक जगात चालणार नाही असं सांगितलं, पण कोंबडीपालकालाही रिकाम्या हाताने पाठवलं नाही. जमिनीचा उपयोग करण्यासाठी तिच्या लगतची जेवढी हवा लागते, तेवढ्यावर मालकाचा हक्क राहतो, असं ठरलं.

थोडक्यात, जमिनीचा सातबारा आहे, हवेचा नाही. वालीवमधला गाळेधारक आपल्या छपराचा मालक आहे, छपरावरच्या चारशे फुटांचा नाही. उलट बाजूने, मालक नाही म्हणजे त्याला काहीच म्हणता येत नाही असंही नाही. खासगीपणा, त्रास, नुकसान हे प्रश्न उरतातच.

दुसरा थर: अक्षरं

मुंबईत जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तेव्हा आकाशात गर्दी अशी नव्हतीच. वैमानिक खाली बघून, किनारा आणि रूळ ओळखत जायचे. समोरून कोणी येत असेल तर ते डोळ्यांनाच दिसायचं.

वेग वाढला, ढगांतून आणि रात्री उड्डाणं सुरू झाली, तसं डोळ्यांवर भागेना. मग जमिनीवरून नियंत्रण आलं. प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने आकाशाचे भाग पाडले, नावंही वेगवेगळी दिली. परदेशी वैमानिकाला देश बदलला की नवी परिभाषा. शेवटी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ए पासून जी पर्यंत सात वर्ग ठरवले. अमेरिकेने ते १९९३ मध्ये लागू केले. भारताने सातही वापरले नाहीत. आपल्या वैमानिकी माहितीपुस्तिकेत कित्येक वर्षं डी, ई, एफ आणि जी हे चारच वर्ग दिसतात. विमानतळाभोवतीचं नियंत्रित क्षेत्र डी, त्याबाहेरचे नियंत्रण असलेले हवाई मार्ग ई, फक्त सल्ला मिळणारे मार्ग एफ, आणि उरलेलं सगळं जी.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ही अक्षरं हवेची किंमत किंवा धोका सांगत नाहीत. ती सेवा सांगतात. या भागात नियंत्रक कोणाला कोणापासून वेगळं ठेवणार, कोणाला नुसती माहिती देणार, आणि कोणाला स्वतःच्या डोळ्यांवर सोडणार, एवढंच. जी म्हणजे "मोकळं रान" नव्हे. जी म्हणजे तिथे तुम्हाला वेगळं ठेवणारं कोणी नाही.

आणि नियंत्रित हवा म्हणजे सुरक्षित हवा असंही नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर दिल्लीहून निघालेलं सौदी विमान आणि दिल्लीकडे येणारं कझाक विमान एकमेकांवर आदळली, ३४९ माणसं गेली. दोन्ही विमानं नियंत्रकाच्या संपर्कात होती. येणारी आणि जाणारी विमानं तेव्हा एकाच मार्गिकेतून जात, फक्त उंची वेगळी ठेवून. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं. त्यानंतर दिल्लीत येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळणारं यंत्र विमानात सक्तीचं झालं. आकाशातल्या पुष्कळ रेषांमागे अशी एखादी तारीख असते.

ड्रोनवाल्याला या अक्षरांचा थेट उपयोग कमीच, पण ती माहीत हवीत. कारण तिसरा थर या दुसऱ्या थराच्या तळाशी घातलेला आहे.

तिसरा थर: रंग

मे २०१४ मध्ये मुंबईतल्या एका पिझ्झा दुकानाने लोअर परळहून वरळीच्या एका उंच इमारतीत ड्रोनने पिझ्झा पोचवल्याची बातमी झळकली. लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि पोलिसांनी विचारणा केली. पॅरिसचा १७८४ चा हुकूम आठवला ना? पुढे ७ ऑक्टोबर २०१४ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढली की नियम तयार होईपर्यंत कोणत्याही बिगरसरकारी संस्थेने किंवा व्यक्तीने कोणत्याही कारणासाठी ड्रोन उडवू नये. ही सूचना पिझ्झामुळेच निघाली असं म्हणण्याचा मोह होतो, पण आधी घडलं म्हणून ते कारण ठरत नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात ते वाक्य होतं. तेही मॅडमनी खोडलं.

नियम यायला जवळजवळ चार वर्षं लागली. २७ ऑगस्ट २०१८ रोजी ते जाहीर झाले आणि १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाले. त्यात मुंबईसह सहा मोठ्या विमानतळांच्या हद्दीपासून ५ किलोमीटर आणि इतर विमानतळांपासून ३ किलोमीटर बंदी होती. मग १२ मार्च २०२१ ला नवे नियम आले. ते फारच जाचक आहेत अशी ओरड झाली, आणि सहा महिन्यांच्या आत, २५ ऑगस्ट २०२१ रोजी, त्यांच्या जागी ड्रोन नियम २०२१ आले. २४ सप्टेंबर २०२१ ला देशाच्या आकाशाचा रंगीत नकाशा डिजिटल स्काय या सरकारी मंचावर खुला झाला.

त्या नकाशातले रंग असे:

लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय मनाई.

पिवळा म्हणजे हवाई नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा, ८ ते १२ च्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर पिवळा, आणि हिरव्या भागात ४०० फुटांच्या वर पिवळा.

हिरवा म्हणजे लाल किंवा पिवळा नसलेल्या भागात ४०० फुटांपर्यंत, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. इथे उड्डाणासाठी वेगळी परवानगी लागत नाही.

आणि आता तो आकडा. हे नियम आले तेव्हा सरकारने स्वतःच जाहीर केलं की विमानतळाभोवतीची पिवळी हद्द ४५ किलोमीटरवरून १२ किलोमीटरवर आणली आहे. माझ्या टिपणात ४५ होतं. मी ते नव्या नियमांच्या आधी कुठूनतरी उतरवून घेतलं होतं आणि समोर तारीख लिहिली नव्हती.

वालीवचं गणित

हे तुम्ही स्वतः वहीत करून बघा. वालीव साधारण १९.४१ उत्तर अक्षांशावर आहे. मुंबई विमानतळाची उत्तरेकडची हद्द साधारण १९.१० वर. दोन्हींचे रेखांश जवळजवळ सारखेच, म्हणून फक्त अक्षांशांचा फरक घेतला तरी चालतं. फरक ०.३१ अंश. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गुणाकार केला की आलं ३४ किलोमीटरच्या आसपास.

४५ च्या वर्तुळात विरार ओलांडून वैतरणेपर्यंतचा टापू येतो, म्हणजे वालीव, गोखिवरे, सातिवली, वसई फाटा सगळं आत. १२ च्या वर्तुळाची कड मात्र कांदिवलीच्या आसपास संपते. म्हणजे २०२१ च्या त्या एका बदलाने विमानतळाच्या वर्तुळामुळे वालीववर येणारा पिवळा रंग खालच्या ४०० फुटांतून उतरला.

माझं वाक्य किती जपून लिहिलंय बघा. "वालीव हिरवं आहे" असं मी म्हणत नाही. एका कारणाने आलेला पिवळा रंग गेला, एवढंच हे गणित सिद्ध करतं. दुसऱ्या कारणाने रंग येऊ शकतो. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी ठरावीक काळासाठी तात्पुरता लाल झोन जाहीर करू शकतो. पोलीस आयुक्तालयं मनाई आदेश काढतात, पूर्वी ते फौजदारी संहितेच्या १४४ कलमाखाली निघायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १६३ कलमाखाली. वालीवसाठी मुंबई पोलिसांचा आदेश बघून उपयोग नाही, १ ऑक्टोबर २०२० पासून इथे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे. महामार्गापलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य आहे, तिथे वनखात्याचं म्हणणं वेगळं. म्हणून उडवायच्या दिवशी, उडवायच्या जागेवरून, नकाशा उघडून बघणं याला पर्याय नाही.

रंगाखेरीज ड्रोनचं वजन आणि कामाचा प्रकारही बघावा लागतो. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो, २५ किलोपर्यंतचा स्मॉल अशी चढती भाजणी आहे. नॅनोला आणि हौसेखातर उडवलेल्या मायक्रोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. पैसे घेऊन काम केलं की मायक्रोलाही लागतं. माझ्या मित्राकडे ते होतं. त्याचं काम अडलं ते माझ्या वहीमुळे.

संशोधन करणाऱ्यांसाठी चार गोष्टी

एक, प्रत्येक आकड्याला तारीख लावा. ५ किलोमीटर, ४५ किलोमीटर, १२ किलोमीटर हे तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. कोणता कधीचा हे न लिहिता वापरलात तर तिन्ही खोटे ठरतात.

दोन, मोजमाप कुठून केलंय ते बघा. विमानतळाच्या मध्यबिंदूपासून की हद्दीपासून? मुंबईच्या विमानतळाचा विस्तार पाहता दोन्हीत बराच फरक पडतो. उंची जमिनीपासून की समुद्रसपाटीपासून? ड्रोनचे ४०० फूट पायाखालच्या जमिनीपासून धरायचे. विमानांच्या नकाशांवर मात्र उंची बहुतेक वेळा समुद्रसपाटीपासून दिलेली असते. वालीवच्या सपाटीवर हा फरक जाणवत नाही, पण तुंगारेश्वरच्या उतारावर गेलात की लगेच जाणवतो.

तीन, दप्तर कुठे आहे ते आधी शोधा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधीचं वालीव कागदोपत्री ठाणे जिल्ह्यात आहे. "पालघर" म्हणून शोधत बसलात तर २०१४ पूर्वी इथे काही घडलंच नाही असं वाटेल.

चार, संशोधनासाठीची सूट नीट वाचा. मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांना संशोधन, विकास आणि चाचणीसाठी ड्रोन उडवताना नोंदणी क्रमांक, परवानगी वगैरेतून सूट आहे, पण ती हिरव्या झोनमध्ये आणि आपल्या आवारात किंवा आपल्या ताब्यातल्या मोकळ्या जागेतच. तुम्ही भूगोलाचे विद्यार्थी असाल आणि पावसाळ्यात वसईच्या मिठागरांवर पाणी कुठवर चढतं हे ड्रोनने मोजणार असाल, तर ही सूट आपल्याला आपोआप लागू आहे असं धरून चालू नका. संस्थेमार्फत लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

शेवटी एक गंमत सांगते. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली, महाराष्ट्र तिच्या पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत होता. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो, म्हणून ड्रोनने गावठाणाची मोजणी करून मिळकत पत्रिका द्यायची. म्हणजे हवेचा उतारा नसलेल्या देशात हवेतून जमिनीचा उतारा तयार व्हायला लागला. तेही खासगी माणसाला ड्रोन उडवणं महाकठीण होतं त्या वर्षी. या विरोधाभासावर कोणाला एम.ए.चा प्रबंध लिहायचा असेल तर विषय मोकळा आहे.

मित्राला मी खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे काम गेलं ते गेलंच ना." ते खरंच होतं. नंतरच्या डिसेंबरात त्याच गच्चीवरून त्याने दुसऱ्या एका गाळ्याचं शूटिंग केलं. सकाळी आठ वाजता आम्ही दोघांनी मिळून नकाशा उघडला, पोलीस आयुक्तालयाचे ताजे आदेश बघितले. त्याने ड्रोन चढवला आणि मी वहीत लिहिलं: जागा, तारीख, वेळ, रंग. नुसता रंग लिहिणं मी सोडून दिलंय.